तैनाती वॉचमन

तुळिंजहून चर्चगेटला जायचं असेल तर आधी विरारला जावं लागतं. नकाशा उघडू नका, नकाशा बरोबर आहे. विरार उलट्या दिशेलाच आहे. पण सकाळच्या फास्ट गाडीत नालासोपाऱ्याला चढून बसायला जागा मिळेल, असं ज्याला वाटतं तो या गावात नवा असतो. म्हणून आम्ही डाऊन गाडी पकडतो, विरारला जातो, तिथे उतरतच नाही आणि तीच गाडी उलटी निघाली की खिडकीशी बसून आपल्याच स्टेशनवरून दिमाखात पुढे जातो. याला रिटर्न म्हणतात. विरारकरांच्या मते ही घुसखोरी आहे. आमच्या मते मुत्सद्देगिरी.

आमचा ग्रुप बारा जणांचा. चार विरारचे, पाच नालासोपाऱ्याचे, तीन वसईचे. गेली अनेक वर्षं रुमाल टाकून जागा धरायची, भाईंदरनंतर उभ्यांना बसायला द्यायचं, दसऱ्याला डब्याला हार घालायचा, पेढे वाटायचे, असं सगळं रीतसर. दारात बाहेरच्याशी जुंपली तर बारा जण एका आवाजात बोलायचे. सुरक्षेचं काम चोख.

मग एकदा आमच्यातल्याच दोघांचं वाजलं. एक विरारचा, एक तुळिंजचा. कारण तेच, रिटर्न. ग्रुपमधल्या ज्येष्ठ काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला: "घरची भांडणं ग्रुपमध्ये आणायची नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून ते दोघे एकमेकांसमोर बसतात आणि बोलत नाहीत. बाकीचे दहा जण हवामानावर बोलतात. ग्रुप टिकला. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा टिकला. रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं.

या निकालाची जागतिक आवृत्ती काठमांडूत आहे. तिचं नाव सार्क.

८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात दक्षिण आशियातल्या सात देशांनी सनद केली. पुढे २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा झाला. सनदेत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. निर्णय सर्वांच्या एकमतानेच होतील. आणि दोघांमधले वादाचे विषय इथे चर्चेला येणार नाहीत. म्हणजे ज्या मोहल्ल्यात मुख्य उद्योग भांडण हा आहे, तिथे पंचायत बसवली आणि तिच्या पहिल्याच कागदावर लिहिलं, भांडणावर बोलायला सक्त मनाई. हेतू वाईट नव्हता. विषय बाजूला ठेवले तर माणसं निदान एकत्र बसतील, चहा घेतील, हळूहळू सवय होईल, असा हिशेब होता. आमच्या काकांचाही तोच होता.

२०१४ च्या नोव्हेंबरात काठमांडूला अठरावी शिखर परिषद झाली. दोन दिवस भारताचे आणि पाकिस्तानचे पंतप्रधान एकमेकांकडे बघत नाहीत, याच्याच बातम्या. मग सगळे नेते धुलिखेलच्या डोंगरावर हवा पालटायला गेले, परत आले, हस्तांदोलन झालं, विजेच्या देवाणघेवाणीचा एक करार झाला. पुढची परिषद इस्लामाबादला २०१६ च्या नोव्हेंबरात होती. त्याआधी १८ सप्टेंबरला उरीचा हल्ला झाला. भारताने जाणार नाही असं कळवलं, बांगलादेश, भूतान, अफगाणिस्ताननेही कळवलं. तेव्हापासून परिषद झालेली नाही. सचिवालय मात्र आहे. गुलाबाचं फूल येतं.

(जाता जाता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना आमच्या सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, शिकारीला जायचे. आपण त्याऐवजी धर्मयात्रेला निघालो, लोकांना भेटतो, असं त्या लेखात सम्राट सांगतो. धुलिखेल कोणत्या प्रकारात बसतं, हे ज्याचं त्याने ठरवावं.)

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि सार्क हा शब्द पुन्हा पेपरात आला. कसा? तर पाकिस्तानी नागरिकांना सार्क व्हिसा योजनेची सवलत बंद, या बातमीत. एखाद्या संस्थेचं अस्तित्व तिची सवलत बंद झाल्यावर कळावं, यापरता तिचा मृत्युलेख कुठला? मे महिन्यात सायरनच्या सरावासाठी महाराष्ट्रातली जी ठिकाणं निवडली, त्यांत आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर पहिल्या यादीत होतं. अणुभट्टी शेजारी असली की असे मान मिळतात. त्या आठवड्यात आठ शेजाऱ्यांची एकही संयुक्त बैठक झाली नाही. सनदेप्रमाणे व्हायचीच नव्हती.

आता कुणी म्हणेल, तुळिंजमधल्या माणसाला या उठाठेवी कशाला. तर बाबा रे, या विषयातली पदवी आमच्या तालुक्याइतकी कुणाकडे नाही. इथून पुढच्याच स्टेशनावर वसई आहे. शेजारी लढत असताना तिसऱ्याने कसं वागावं, याचा पहिला धडा १७३९ चा. आणि आपसांत भांडण असताना बाहेरच्याला घरात कसं घेऊ नये, याचा दुसरा, १८०२ चा. दोन्ही एकाच किल्ल्याच्या भिंतींत.

पहिला आधी. चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, आत पोर्तुगीज. खाडीपलीकडे मुंबईत इंग्रज. पोर्तुगीज ख्रिस्ती, युरोपातले, शिवाय जुने मित्र. त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरकडे, जॉन हॉर्नकडे, मदत मागितली. हॉर्नसाहेबांनी काय केलं? पंधरा हजार रुपये दिले. कर्जाऊ. आणि तारण म्हणून चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा घेतल्या! ज्याचा किल्ला पडतोय त्याच्या तोफा गहाण ठेवून घ्यायच्या, याला मैत्री म्हणणारा सराफ आमच्या तुळिंज रोडवरही सापडणार नाही.

एवढ्यावर भागलं नाही. इकडे मुंबईत व्यापाऱ्यांनी तीस हजारांची वर्गणी काढली आणि शहराच्या तटाभोवती मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला. ही झाली सुरक्षा. तिकडे मे महिन्यात वसई पडली, पोर्तुगीज गलबतात बसून गेले, त्यांच्या घंटा आपल्या देवळांत गेल्या. आणि लगेच जुलैत कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे हजर, हातात तहाचा मसुदा, पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मागत. ही झाली मुत्सद्देगिरी. खंदक चालू, अभिनंदन चालू, वसुलीही चालू. नीतीच्या परीक्षेत भोपळा, पण व्यवहारात साहेब पहिल्या वर्गात पास.

आपण तेव्हा काय शिकलो? आपण तेव्हा जिंकलो होतो. जिंकलेला माणूस शिकत नाही. किल्ल्याजवळ चिमाजी अप्पांचं स्मारक आहे, ते असायलाच हवं. पण त्याच वसईत त्रेसष्ट वर्षांनी जे झालं त्याचा दगडही नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

मराठा मंडळ हा आपला प्रादेशिक गट. पुण्याचे पेशवे, ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर, नागपूरचे भोसले, बडोद्याचे गायकवाड. सगळ्यांचे मुलूख वेगळे, फौजा वेगळ्या, खजिने वेगळे, वर छत्रपतींचं नाव. भांडणं तर नेहमीचीच. पण भांडण न्यायला एक जागा होती, पुणे, आणि ते ऐकायला महादजी किंवा नाना असे काही कान होते. महादजी १७९४ ला गेले. नाना फडणवीस १३ मार्च १८०० ला गेले. त्यानंतर पुण्यात कुणी ऐकायला राहिलं नाही. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलं. त्याचा भाऊ यशवंतराव. आता हे भांडण कोणत्या सभेत मांडायचं? सभाच नव्हती. तेव्हा त्याने ते हडपसरच्या माळावर मांडलं. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, पेशवे आणि शिंदे यांची एकत्र फौज त्याने धुळीला मिळवली.

बाजीराव पळाला. सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग, मग जलमार्गाने वसई. यशवंतराव मागून निरोप धाडत होता, परत या, बोलू. त्याला पेशवेपद नको होतं, पेशवा हवा होता. हा बारकावा बाजीरावाला कळला नाही, किंवा कळला तरी जिवापुढे लहान वाटला. वसईत कंपनीचा रेसिडेंट बॅरी क्लोज कागद घेऊन बसलाच होता. ३१ डिसेंबर १८०२, वर्षाचा शेवटचा दिवस. आपण जो दिवस टेरेसवर चिकन भाजत घालवतो, त्या दिवशी श्रीमंतांनी आमच्या तालुक्यात राज्य भाजलं.

कागदावर काय होतं ते वाचण्यासारखं आहे. सहा हजारांहून कमी नाही इतकं कंपनीचं पायदळ, तोफखान्यासह, पेशव्यांच्या मुलखात कायमचं. त्याच्या खर्चाला सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून. इंग्रजांच्या शत्रू देशाचा गोरा नोकरीत ठेवायचा नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी जे वाद आहेत त्यांचा निवाडा कंपनी करणार. आणि परक्या दरबारांशी युद्ध असो की बोलणी, कंपनीला विचारल्याशिवाय नाही. सुरक्षा पूर्ण मिळाली. मुत्सद्देगिरी पूर्ण गेली. दोन्हींचा समतोल म्हणतात तो असा, तराजूचं एक पारडंच विकून टाकलं की दुसरं आपोआप स्थिर होतं.

या फौजेला आपण तैनाती फौज म्हणतो. शब्द शाळेत पाठ केला, चार गुणांना लिहिला, विसरलो. मला तो परत आठवला तो आमच्या कॉम्प्लेक्समध्ये.

आमच्या पाच इमारती, त्यांचं एक फेडरेशन. ए आणि सी विंगचं पार्किंगवरून भांडण. फेडरेशनच्या सभेत विषय आला की अध्यक्ष म्हणायचे, हा दोन विंगमधला मामला आहे, इथे नको. एका रात्री ए विंगच्या सेक्रेटरींच्या स्कूटरचा आरसा फुटला. कुणी फोडला ते आजतागायत कळलेलं नाही. माझा संशय क्रिकेटच्या चेंडूवर आहे. पण सेक्रेटरींनी दुसऱ्या आठवड्यात एक सिक्युरिटी एजन्सी आणली. खाकी कपडे, शिट्टी, रजिस्टर. आधी फक्त ए विंगच्या जिन्याशी. मग मेन गेटवर, कारण म्हणे जिना गेटपासून सुरू होतो. मग मेंटेनन्सच्या बिलात पाचही विंगना वाटून, कारण गेट सगळ्यांचं आहे. सी विंगचा कुणी यायचा असला की गडी ए विंगला फोन लावून विचारतो, सोडू का?

बाकीच्या तीन विंगनी काय केलं? मंडळातल्या इतरांनी केलं तेच. गायकवाड आधीच कंपनीशी तह करून बसले होते. शिंदे आणि भोसले चिडले, एकत्र आले, पण सावकाश. होळकर, ज्याच्यामुळे सगळं झालं, तो माळव्यात जाऊन बघत बसला. २३ सप्टेंबर १८०३ ला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव. १७ डिसेंबरला देवगावच्या तहात भोसले आटोपले, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंदे. वसईच्या कागदाला वर्ष पुरं व्हायला एक दिवस बाकी होता. मग पुढच्या वर्षी होळकर एकटा लढला, आणि काय देखणा लढला! पण आता बाकीचे बघत बसले होते. रांगेने मार खाण्याची इतकी शिस्त आम्ही तिकीट खिडकीवरही पाळत नाही.

आता आखात. वसई-नालासोपाऱ्यात आखातात माणूस नसलेला जिना शोधावा लागेल. तिथल्या सहा राजांनी २५ मे १९८१ ला अबू धाबीत सहकार्य परिषद काढली. शेजारी इराण आणि इराक यांचं युद्ध पेटलेलं होतं, त्याची झळ लागू नये म्हणून. संयुक्त फौजही उभारली, नाव झोकदार, द्वीपकल्प ढाल. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा ढाल कुठे होती ते विचारू नका. कुवेत सोडवायला अमेरिका आली, आणि आली ती राहिली. आपली दीड लाखाहून जास्त माणसं अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परत आली.

पुढचं जास्त मजेदार. ५ जून २०१७ ला याच परिषदेतल्या सौदी, अमिराती आणि बहरीन यांनी याच परिषदेतल्या कतारशी संबंध तोडले. एकुलती एक जमिनीची सीमा बंद. दुधासाठी कतारने विमानातून गाई आणल्या. कुवेत आणि ओमान मधल्या मध्ये निरोप पोचवत राहिले. तोडगा निघायला जानेवारी २०२१ उजाडलं. साडेतीन वर्षं! आणि बाहेरच्या शत्रूसाठी काढलेली परिषद.

कतारचं धोरण आधीपासूनच वेगळं, सगळ्यांनाच घरात घ्यायचं. अमेरिकेचा अल उदैदचा हवाई तळ आहे, तुर्कांचा तळ आहे, इराणशी समाईक नैसर्गिक वायूचं क्षेत्र आहे, हमासचं कार्यालयही होतं. इतके पाहुणे ठेवले की कुणी घरावर दगड मारणार नाही, असा अंदाज. २३ जून २०२५ ला इराणने अल उदैदवर क्षेपणास्त्रं सोडली. आमच्या समोरच्या काकूंचा मुलगा दोह्यात एसी दुरुस्त करतो. त्याचा रात्री फोन आला, आई घाबरू नकोस, ते आमच्यावर नाही, तळावर मारतायत. काकूंनी विचारलं, तळ कुठे आहे? तो म्हणाला, आमच्याकडेच.

९ सप्टेंबरला इस्रायलने त्याच दोह्यात हमासच्या नेत्यांवर बॉम्ब टाकले. वॉचमन गेटवरच होता. आठ दिवसांनी सौदीने पाकिस्तानशी परस्पर संरक्षणाचा करार केला. एक एजन्सी पुरत नाही म्हणून दुसरी लावली.

आसियानचं नाव घेतलं नाही तर जाणकार रागावतील. घेतो. १९६७ पासून आग्नेय आशियातल्या या गटाचा मंत्र आहे, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही. म्यानमारच्या लष्कराने फेब्रुवारी २०२१ मध्ये सत्ता घेतली, एप्रिलमध्ये जकार्तात पाच कलमी एकमत झालं. एकमत अजून आहे, कलमं कुठे गेली कळत नाही. पण निदान तिथे बसायला चटई तरी आहे. २०२५ च्या जुलैत थायलंड आणि कंबोडिया पाच दिवस एकमेकांवर तोफा डागत होते, तेव्हा अध्यक्ष मलेशियाने दोघांना पुत्रजयाला बोलावून समोरासमोर बसवलं आणि २८ तारखेला युद्धबंदी करवली. आता वॉशिंग्टनहून आयातकराची धमकी आली होती म्हणून दोघे आले, हेही खरं. आणि डिसेंबरात पुन्हा जुंपली, हेही खरं. तरी दोघे आले ते शेजाऱ्याच्या ओटीवर. वसईला नाही गेले.

बाजीरावाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. वाईट काही नाही. १३ मे १८०३ ला कंपनीच्या फौजेच्या बंदोबस्तात पुण्यात पोचला, गादीवर बसला. पंधरा वर्षांनी त्याच कंपनीशी लढला, हरला, शरण गेला. वर्षाला आठ लाख पेन्शन, ब्रह्मावर्ताला गंगाकाठी मुक्काम, १८५१ पर्यंत जगला. तैनाती फौजेने मालकाचा जीव शेवटपर्यंत सुरक्षित ठेवला. करारात तेवढंच होतं.

परवा आमच्या फेडरेशनची वार्षिक सभा झाली. विषयपत्रिका: मागील इतिवृत्त कायम करणे, टँकरचा खर्च, गणपतीची वर्गणी, सिक्युरिटी एजन्सीची दरवाढ. मी हात वर केला आणि म्हटलं, ए आणि सीचं पार्किंग घ्या ना एकदा. अध्यक्ष म्हणाले, ऐनवेळच्या विषयांत घेऊ. ऐनवेळचे विषय आले तेव्हा चहा आला. दरवाढ एकमताने मंजूर झाली.

सभा संपून कोपऱ्यावर दूध आणायला गेलो. परत आलो तर गेटवर नवा गडी, रात्रपाळीचा. म्हणाला, साहेब, एंट्री. मी म्हटलं, अरे, मी इथलाच. तो म्हणाला, सगळे तेच सांगतात. रजिस्टर पुढे केलं. नाव लिहिलं, विंग लिहिली, वेळ लिहिली. शेवटचा रकाना होता, येण्याचं कारण.

राहतो, असं लिहिलं. त्याने ए विंगला फोन लावला.